पत्रिका घरीच करताय? आधी कोरा कागद दुमडून पाहा

बारसं, मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत, पंचाहत्तरी. घरच्या कार्याची पत्रिका घरीच करण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक अडचणींचं मूळ एकच आहे. आधी चित्र आणि मजकूर तयार होतो, मग कागद शोधतात, पाकीट सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा करा: पाकीट, मग कागद, मग मजकूर. छपाईला हात घालण्याआधी एक कोरी पत्रिका कापून, दुमडून, पाकिटात घालून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी साठ पत्रिका केल्या. ए-४ कार्डशीट, बाहेरून गडद निळा रंग, लेझर प्रिंट, मधोमध घडी. घडीवर कागद तडकून पांढरी रेघ दिसते. कागद हलक्या प्रतीचा निघाला का?
— वाचक, सांगली

कागदाला दोष देऊ नका. घडी कागदाच्या ग्रेनला आडवी पडली आहे. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपलेले असतात, ती दिशा म्हणजे ग्रेन. त्या दिशेने घडी घातली तर ती सहज आणि स्वच्छ पडते. आडवी घातली तर तंतू मोडतात, आणि तेच तुम्हाला तडकल्यासारखं दिसतं. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्सच्या कागदात हे जाणवत नाही, २०० च्या पुढे जाणवतंच.

ग्रेन ओळखायला उपकरण लागत नाही. कागद टेबलावर ठेवून एक कड दुसऱ्या कडेकडे नुसती वळवा, दुमडू नका, आणि तळव्याने हलकेच दाबा. मग दुसऱ्या बाजूने तसंच करा. ज्या बाजूने कमी विरोध जाणवेल, त्या वळणाच्या रेषेला समांतर ग्रेन आहे. खात्री वाटत नसेल तर कागदाचा लहान चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो गुंडाळत नळीसारखा होतो आणि नळीची लांबी ग्रेनच्या दिशेला असते.

ए-४ कार्डशीटमध्ये ग्रेन बहुधा लांब बाजूने जातो. म्हणून अख्खा ए-४ मधोमध दुमडून ए-५ पत्रिका केली की घडी हमखास आडवी येते. तोच ए-४ आधी कापून दोन तुकडे करा (प्रत्येकी २१० × १४८ मिमी) आणि प्रत्येक तुकडा दुमडून १०५ × १४८ ची पत्रिका करा. आता घडी ग्रेनच्या दिशेने पडते, कागदही निम्मा लागतो. साठ पत्रिकांना तीस शीट, वर बिघडण्यासाठी चार.

आता घडी कशी घालायची ते. प्रेसवाले याला क्रीजिंग म्हणतात. घरी त्यासाठी शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. खाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा म्हणजे पेनाला रुतायला जागा मिळते. पत्रिकेची बाहेरची बाजू वर ठेवून मधोमध पट्टी धरा आणि पेन दोनदा हलक्या हाताने ओढा. एकदाच जोर लावून ओढलं तर कागद कापला जातो. छपाईवर ओरखडा उठू नये म्हणून मध्ये बटर पेपर घ्या. पेनाने पडलेली खाच घडीच्या बाहेर राहिली पाहिजे आणि मागे आलेला उंचवटा आत. बरेच जण खाचेच्या बाजूला दुमडतात, तिथे बाहेरचा थर ताणला जाऊन फाटतो.

राहिली पांढरी रेघ. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे उष्णतेने वितळवून कागदावर चिकटवलेली प्लॅस्टिकची पूड. ती कागदात मुरत नाही, वर बसते, म्हणून घडीवर तिचे पोपडे निघतात. ग्रेन बरोबर असला तरी गडद रंगाला थोडं हे होतंच. घडीच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मिमी पट्टा कोरा सोडा, किंवा गडद रंग मुखपृष्ठाच्या चौकटीपुरताच ठेवा. आणि टोनर घडी सोडून इतरत्रही नखाने निघत असेल, तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'प्लेन' राहिला आहे. 'थिक' किंवा 'कार्डस्टॉक' निवडा. मग कागद सावकाश सरकतो आणि टोनर नीट भाजला जातो.

प्रश्न : मोबाइलवर मजकूर नीट दिसतो. झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडली तर अक्षरं बदललेली, काही ठिकाणी इंग्रजी चिन्हं. 'येणाऱ्या' तर घरीसुद्धा 'येणार्‌या' किंवा 'येणार्या' असं उमटतं.
— वाचक, ठाणे

हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिला फॉन्टचा. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोड फॉन्ट वापरला तर अक्षरं मराठीच राहतात, मात्र दुकानात तो फॉन्ट नसेल तर दुसराच येऊन ओळी सरकतात. म्हणून दुकानात वर्डची फाइल नेऊच नका, पीडीएफ न्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो. ती आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून शब्दन् शब्द वाचा. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. तिथे प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडावा लागतो.

दुसरा आजार टंकलेखनाचा. 'येणाऱ्या', 'साऱ्यांनी', 'वऱ्हाड' यांतला र हा साधा र नाही. साधा र, पायमोडी आणि य असं लिहिलं की र रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो: 'आचार्य', 'कार्य'. आपल्याला हवा तो आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा र. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग पायमोडी, मग य किंवा ह. मोबाइलच्या बहुतेक मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ मिळतो. पत्रिकेत हा र हटकून येतो आणि हटकून चुकतो. छापण्याआधी 'र्या' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कोणता र हवा ते बघा.

फॉन्ट निवडताना ल आणि श जरूर पाहा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच आहेत. पुष्कळ फॉन्ट न सांगता हिंदी वळणाची रूपं देतात. 'तिरो देवनागरी मराठी' या मोफत फॉन्टमध्ये मराठी वळण आहे आणि मजकुराला तो शोभतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्ता' आणि 'बालू' हेही मोफत आहेत. मुक्ता पत्त्यासाठी, बालू मुलांच्या वाढदिवसाला. सुलेखनाच्या वळणाचा फॉन्ट फक्त नावाला वापरा. पत्ता, वेळ आणि फोन त्यात लिहू नका, आजोबांना वाचता येणार नाही.

आकार १४ पॉइंटच्या खाली नको, आणि दोन ओळींत २१-२२ पॉइंट अंतर ठेवा. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो. इंग्रजीच्या हिशेबाने ओळी दाटल्या की वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या 'ती'ला भिडतो. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं टाळा. शाई किंचित पसरली तरी ष्ठ, द्ध, क्ष यांची पोटं बुजतात.

प्रश्न : दोन्ही बाजूंनी छापलं तर आतला मजकूर उलटा आला, डोकं खाली.
— वाचक, रत्नागिरी

प्रिंटच्या खिडकीत 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' निवडा. आडव्या कागदावर शेजारी शेजारी पानं असलेल्या, उजवीकडे उघडणाऱ्या पत्रिकेला हेच लागतं. बाहेरच्या बाजूला डावीकडे मागचं पान आणि उजवीकडे मुखपृष्ठ येतं, आतल्या बाजूला क्रमाने दुसरं आणि तिसरं. हे डोक्यात ठेवण्यापेक्षा कोरा कागद दुमडून त्यावर पेन्सिलीने १, २, ३, ४ लिहा आणि उलगडा. पानं कुठे कुठे पडतात ते समोर दिसतं.

छापताना 'फिट टू पेज' बंद, 'ॲक्च्युअल साइज' चालू. नाहीतर प्रिंटर पान किंचित लहान करतो आणि कापायच्या रेषा चुकतात. बहुतेक घरगुती प्रिंटर कडेचे तीन ते पाच मिमी छापत नाहीत, तेव्हा कडेपर्यंत जाणारी किनार काढूच नका. जाड कागदाला मागचा ट्रे असेल तर तो वापरा. पुढच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळसा घेऊन जातो आणि २०० जीएसएमच्या पुढे तिथेच अडकतो.

प्रश्न : मुंजीसाठी हातकागदावर पत्रिका करायच्या आहेत. घरच्या इंकजेटवर छापता येईल का?
— वाचक, नाशिक

छापू नका. हातकागदाचे सुटे तंतू प्रिंटरच्या आत जातात, शाई तंतूंमधून पसरून अक्षरांना केस फुटतात, आणि पाकळ्या घातलेल्या कागदावर तर रोलर अडतो. कडा नैसर्गिक, वाकड्यातिकड्या ठेवलेल्या असल्या तर कागद तिरका ओढला जातो.

पण हातकागद सोडूही नका. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून बनलेला असा कागद हाताला जो लागतो, तो कार्डशीटमध्ये कधीच मिळत नाही. हातकागदाचं फक्त आवरण करा आणि मजकूर १०० ते १२० जीएसएमच्या साध्या पांढऱ्या कागदावर छापून आत शिवा. आवरण २१० × १४८ मिमी, आतला कागद चारही बाजूंनी तीन-तीन मिमी लहान, दोन्ही एकत्र दुमडलेले.

शिवण तीन भोकांची. घडीवर बरोबर मध्ये एक भोक, आणि वरच्या व खालच्या कडेपासून साडेतीन सेंमीवर एकेक. भोकं जाड सुईने किंवा दाभणाने आधीच पाडा. क्रोशाचा दोरा पत्रिकेमागे ४० सेंमी. सुई बाहेरून मधल्या भोकातून आत घाला आणि दहा सेंमी शेपूट बाहेर ठेवा. आतून वरच्या भोकाकडे जाऊन बाहेर या. बाहेरच्या बाहेर खालच्या भोकापर्यंत लांब टाका घेऊन आत जा. पुन्हा मधल्या भोकातून बाहेर. आता दोऱ्याची दोन टोकं लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना यायला हवीत. एकाच बाजूला आली तर गाठ सुटते. टाक्यावरून गाठ मारा.

दोऱ्याऐवजी तांबडा-पिवळा नाडा मुंजीला फार छान दिसतो. तो जाड असल्यामुळे सुईच्या भोकातून जाणार नाही. घडीपासून आठ मिमी आत पंचाने दोन भोकं पाडून त्यातून ओवा. आवरणावर नाव घालायचं असेल तर रबरी शिक्का आणि पिगमेंट शाईचं पॅड वापरा. साध्या पॅडची शाई हातकागदावर पसरते.

प्रश्न : वास्तुशांतीच्या पत्रिकांना कोपऱ्यात हळदीकुंकू लावलं. जवळची अक्षरं ओघळली, काही पत्रिकांवर हळद लालसर झाली.
— वाचक, कोल्हापूर

बहुतेक घरगुती इंकजेटच्या रंगीत शाया पाण्यात विरघळतात. ओलं बोट लागलं की अक्षर ओघळणारच. कोपऱ्यात दीड सेंमी जागा कोरी सोडा, किंवा पत्रिका दुकानातून लेझरवर काढा. टोनरला पाण्याचं भय नाही.

हळद लाल झाली ती क्षारामुळे. हळदीचा रंग चुना, सोडा, साबण यांच्याशी आला की लालसर होतो. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. भांडी घासून नीट न धुतलेला हात किंवा साबणाचा अंश राहिलेली वाटी एवढंही पुरतं. वाटी स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या.

चिमूटभर हळदीत चार-पाच थेंबच पाणी. शिरा असतो तशी घट्ट झाली पाहिजे, वाहती नको. बोट टेकवून उचला, ओढू नका. पंधरा मिनिटं पत्रिका सपाट राहू द्या, मग कुंकू. लगेच थप्पी लावली तर वरच्या पत्रिकेच्या पाठीवर ठसा उमटतो. शंभराहून जास्त पत्रिका असतील तर देवापुढे आणि कुलदैवताला ठेवायच्या पत्रिकांना हाताने लावा आणि बाकीच्यांवर ठिपके छापूनच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पाकिटात सुट्या अक्षता घालू नका. टपालात शिक्का पडताना दाणा कागद फोडून बाहेर येतो.

प्रश्न : आजीच्या पंचाहत्तरीची पत्रिका. शके आणि तिथी कशी लिहायची? आमच्याकडचे पाहुणे मराठी आणि हिंदी दोन्ही आहेत.
— वाचक, इंदूर

शके काढायचा हिशेब सोपा आहे. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. म्हणजे जानेवारी २०२६ ला शके १९४७, आणि १९ मार्च २०२६ च्या पाडव्यापासून शके १९४८, पराभवनाम संवत्सर.

तुमच्यासाठी खरी मेख महिन्याच्या नावात आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, मध्य प्रदेशातल्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र हिंदी पंचांग एका नावाने पुढे असतं. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची. दिवस तोच. नुसती वद्य तिथी वाचून पाहुणा महिन्याचा घोळ घालू शकतो. तेव्हा वार आणि इंग्रजी तारीख मोठ्या अक्षरांत आधी, तिथी तिच्याखाली.

मायन्यात 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम किंवा सस्नेह नमस्कार विनंती विशेष. वडीलधाऱ्यांना स्वतंत्र पत्रिका जाणार असेल तर 'सा. न. वि. वि.', साष्टांग नमस्कार. ही अक्षरं छापता तर पुढचं वाक्यही त्याच चालीचं हवं: 'आमच्या मातोश्रींना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त योजलेल्या समारंभास आपण सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.' बोलीत लिहायचं असेल तर नि:संकोच पूर्ण बोलीत लिहा: 'आमची आजी पंच्याहत्तर वर्षांची होतेय. तिला भेटायला नक्की या.' दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, अर्धं असं अर्धं तसं वाईट दिसतं. आजीच्या नावामागे 'सौ.' की 'श्रीमती', आजोबांच्या मागे 'श्री.' की 'कै.', हे घरातल्या दोघांनी वेगवेगळं तपासा. ही चूक छापून गेली की फार दुखावते. आहेर नको असेल तर 'कृपया आहेर आणू नये' असं शेवटी एका ओळीत.

प्रश्न : १०५ × १४८ मिमीच्या पत्रिकेला पाकीट बाजारात नीट मापाचं मिळत नाही. घरी कसं करावं?
— वाचक, अकोला

१०० ते १२० जीएसएमचा ए-४ कागद उभा घ्या. साध्या ७५ जीएसएममधून आतलं छापलेलं दिसतं. डाव्या आणि उजव्या कडेपासून २७ मिमीवर उभ्या रेघा आखा, मध्ये १५६ मिमी उरतात. खालच्या कडेपासून १०५ मिमीवर आणि २१७ मिमीवर आडव्या रेघा. मधला ११२ मिमीचा भाग म्हणजे पाकिटाची पुढची बाजू. बाजूच्या २७ मिमीच्या पट्ट्या फक्त या मधल्या भागाला राहू द्या, वरच्या आणि खालच्या भागाच्या कापून टाका. पट्ट्यांचे कोपरे किंचित तिरके छाटा. पट्ट्या आत दुमडा, त्यांच्यावर ग्लू स्टिक फिरवा आणि खालचा भाग वर घेऊन चिकटवा. वरचा ८० मिमीचा भाग झाकण होतो, तो ५० मिमीवर कापून दोन्ही कडांना निमुळता करा.

फेव्हिकॉल वापरू नका, त्यातल्या पाण्याने कागदाला लाटा येतात. मैद्याची खळ तर नकोच, तिच्यावर झुरळं येतात.

वजनाचा हिशेब: ए-४ कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून जीएसएमला १६ ने भागलं की एका शीटचे ग्रॅम मिळतात. २५० जीएसएमचा अर्धा शीट साधारण ८ ग्रॅम, पाकीट ५ ते ६. साध्या पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात हे सहज बसतं. अख्ख्या ए-४ ची घडी पत्रिका केली तर एकटी तीच साडेपंधरा ग्रॅमहून थोडी जास्त भरते, आणि पाकिटासकट टप्पा ओलांडते. दुकानातलं ९ × ४ इंची पाकीट वापरणार असाल तर ए-४ च्या एकतृतीयांश, म्हणजे ९९ मिमी रुंद पत्रिका त्यात घासत जाते. ९५ मिमीवर कापा.

प्रश्न : मुलांनी हाताने ठसे मारलेली पत्रिका करायची आहे. बटाट्याचे ठसे पुसट येतात.
— वाचक, वाई

बटाट्याचं पाणी रंग पातळ करतं. कापलेला बटाटा पालथा करून जुन्या सुती फडक्यावर दहा मिनिटं ठेवा. पोस्टर कलरमध्ये पाणी घालू नका. बशीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवून त्यावर रंग पसरा आणि ठसा त्यावर टेकवा, थेट रंगात बुडवू नका. अक्षर कोरायचं असेल तर ते आरशातल्यासारखं उलटं.

लहान हातांना बटाट्यापेक्षा भेंडी बरी. कोवळी नको, जून घ्या. देठाकडून दोन सेंमी सोडून एका झटक्यात आडवी कापा. करवतीसारखी कापली तर कडा चुरगळतात. पाच पाकळ्यांचं फूल तयार मिळतं आणि देठ धरायला मूठ होते. चिकटपणा फडक्याला टिपून घ्या. एका भेंडीचे पंधरा-वीस ठसे चांगले येतात, मग पाकळ्या बुजू लागतात. पातळ काप काढला की पुन्हा नवं फूल.

प्रश्न : पत्रिकेवर नकाशाचा क्यूआर कोड छापला, काहींच्या फोनवर उघडला नाही.
— वाचक, पुणे

कोड दोन सेंमीपेक्षा लहान असेल, किंवा चौकटीला अगदी चिकटून असेल. भोवती पांढरी जागा हवी, कोडमधल्या एका बारीक चौकोनाच्या चौपट तरी. काळा रंग पांढऱ्यावर, सोनेरी किंवा पिस्ता रंगावर नको. छापलेल्या प्रतीवरून संध्याकाळच्या दिव्यात दोन वेगवेगळ्या फोनने तपासा. आणि शेजारी पत्ता शब्दांत लिहाच: 'मारुती मंदिरासमोरची गल्ली, पिवळी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट आहे.'